धारूरच्या घाटात, सीताफळं घेऊन

घाटाच्या तोंडाशी, वजनकाट्याला लागून
जैनोद्दीन मिस्त्रीचं दुकान.
दुकान म्हणजे चार पत्रे, एक बाज,
आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात
झिजलेले ब्रेक शू, जोडीजोडीनं,
कुणाच्या उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या
चपलांसारखे.

"भंगारात का देत नाहीत?"
"भंगार न्हाई, सत्यशीला. जबाब हायेत लोकायचे."
एक उचलून त्यानं उजेडात धरला.
"हा तेलगावचा कंडक्टर. सदा मागचाच दाबतो.
ही जोडी खव्यावाल्याची. काचावानी चकाकली बग.
उतारभर पाय पेडलवर ठिवून येतो,
शू भाजतो, मग लागत न्हाई.
पुढचे मात्र समद्यायचे कोरे.
लग्नातल्या भांड्यावानी जपलेले."

मीही त्यातलीच.
पुढचा दाबला की माणूस हँडलवरून पालथा,
असं मला मामानं सांगितलेलं,
मामाला त्याच्या मामानं.

मिस्त्रीनं मागचं चाक उतरवलं.
ड्रममधली काळी भुकटी फुंकली नाही,
ओल्या फडक्यानं टिपली.
लायनर नखाएवढा उरलेला.
बाहेर, लिव्हरच्या बुडाशी एक बाण,
खुणेच्या केव्हाच पार गेलेला.
तीन वर्षं मी त्याला
गाडीवरची नक्षी समजत होते.

पुढं तर कॅमच गंजून बसलेला.
केबलचा तुटका तंतू त्याच्या बोटात शिरला,
रक्त चोखत म्हणाला, "हीबी नवी."
ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं, जास्त नाही,
शूला लागलं तर घात.
मग नट पिळत, चाक फिरवत, कान लावून बसला,
रांजण घेताना टिचकी मारून ऐकतात तसा.

"उद्या पिकलेलीच सीताफळं घेऊन उतर.
वळणाच्या आधी हळू हो, वळणात न्हाई.
गिअर खाली घे.
न्यूट्रल करून पेट्रोल वाचंल, बाकी काय वाचंल?
पुढचा धार काढल्यावानी दाब,
आधी नुसता हात, मग जोर. मागचा संगट.
खडी दिसली, पाचट दिसलं,
तर गाडी वाकायच्या आदी सरळ असतानाच दाब.
फळ फुटलं तर ब्रेक चुकला."

दोन क्रेट, मागं रबरानं आवळलेले.
तिसऱ्या वळणापलीकडं
उसाचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, रस्त्यातच उभा.
लाल दिवा नाही, काही नाही.
एक दगड, आणि बाभळीची फांदी,
तीही आडवी पडलेली.

किंचाळले बहुतेक. आठवत नाही.
पुढचा काटा खाली बसला एवढं आठवतं,
सगळी गाडी मनगटात उतरली,
मागच्या चाकानं जरा शेपूट हलवलं
आणि गप्प झालं.
माझ्या मडगार्डपासून उसाच्या वाढ्यांपर्यंत
हातभर वारा.

ट्रॅक्टरवाला ट्रॉलीच्या सावलीत भाकरी खात होता.
"काय झालं, ताई?"
"काही नाही."
खरंच काही झालं नव्हतं.
काल मिस्त्रीला सहाशे वीस रुपये मोजले होते,
ते या काही नाहीचे.
गाडी उभी करून
मी आधी त्याची फांदी सरळ रोवली.
मग दोन शिव्या दिल्या.
त्यानं ठेचा पुढं केला.

संध्याकाळी वर चढून आले,
मिस्त्रीपुढं एक सीताफळ ठेवलं,
उभं चिरलेलं, गर बाहेर आलेला.
त्यानं बोटानं चाटून पाहिलं,
एक बी लांब थुंकली.
"मागचा आधी दाबलास."
डब्यात माझी जोडी
कंडक्टरच्या जोडीशेजारी पडलेली.
"बाकीची कशी गेली?"
"शंभरला डझन."
"मंग बरंय," म्हणाला,
आणि उरलेलं अर्धं माझ्याकडं सरकवलं.